टारझनच्या पोटातली गाडी

मित्रांनो, गेल्या वेळी आपण ट्रॅक्टरची मागची चाके एवढी मोठी का, ते पाहिले. त्यावर तुमची खूप पत्रे आली. त्या गठ्ठ्यात एक पत्र मात्र ट्रॅक्टरबद्दल नव्हतेच. ते वणीहून आले होते. हो, तेच वणी, सप्तशृंगीच्या गडाला जाताना लागते ते. लिहिणारा सातवीत आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मुद्दा पक्का. पाहा तर:

"काका, आमच्या आजोबांची फियाट गोठ्याशेजारी उभी आहे. आजोबा गेल्या वर्षी गेले. आता द्राक्षं निघायला लागली की पिकअप लावायला जागा पाहिजे, म्हणून पप्पा फियाट भंगारात देणार आहेत. मी टीव्हीवर टारझन द वंडर कार बघितला. त्यात तो मुलगा भंगारातल्या गाडीची कसली भारी गाडी करतो! आमच्या फियाटची टारझन होईल का? पप्पा म्हणाले, काकांना विचार, ते हो म्हणाले तर बघू. लवकर सांगा. दिवाळी झाली की भंगारवाला येणार आहे."

घ्या! म्हणजे एका गाडीच्या जिवाचा निकाल आता माझ्यावर. तेव्हा आज सगळे काम बाजूला ठेवून टारझनचेच पोट उघडून पाहू.

सिनेमा २००४ सालचा, दिग्दर्शक अब्बास-मस्तान. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. देवेन चौधरी (म्हणजे अजय देवगण) एका अफलातून गाडीचा आराखडा करतो. लबाड लोक तो आराखडा ढापतात आणि देवेनचा जीव घेतात. पुढे कित्येक वर्षांनी त्याच्या मुलाला, राजला, वडिलांची जुनी गाडी भंगारात सापडते. राज एका गॅरेजात काम करत असतो. गॅरेजचे मालक आहेत आपले अमरीश पुरी, आणि या सिनेमात ते चक्क प्रेमळ आहेत! राज खपून ती गाडी नवी करतो. मग कळते की गाडीत वडिलांचा आत्मा आहे. ती आपली आपण धावते, मोडली की आपली आपण सरळ होते.

आता एक गंमत. देवेन चौधरी या नावाची इंग्रजी आद्याक्षरे कोणती? डी. सी. आणि पडद्यामागे ही गाडी खरोखर ज्यांनी घडवली त्यांची? तीही डी. सी.! त्यांचे नाव दिलीप छाब्रिया. अमेरिकेत पॅसाडीनाच्या आर्ट सेंटर कॉलेजात ते गाड्यांचे डिझाइन शिकले, थोडे दिवस जनरल मोटर्समध्ये राहिले आणि परत आले. १९९३ साली त्यांनी 'डीसी डिझाइन' सुरू केले. मुंबई आणि पुण्यातल्या त्यांच्या कारखान्यांत साध्या गाड्या आत जायच्या आणि ओळखू येणार नाहीत अशा होऊन बाहेर पडायच्या. पुढे २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी 'अवंती' ही स्वतःची स्पोर्ट्स कारसुद्धा मांडली.

मग टारझन त्यांनी शून्यातून बनवली का? नाही! त्या जांभळट कातड्याखाली जपानच्या टोयोटा कंपनीची 'एमआर-२' नावाची गाडी आहे. इंजिन, गिअर, ब्रेक हे सगळे चालते-फिरते सामान तिचे. आणि ही गाडी मोठी मजेदार आहे बरं का. तिचे इंजिन पुढच्या बॉनेटखाली नसते. ते असते दोन सीटांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या किंचित पुढे, आडवे बसवलेले. त्यामुळे सीटा दोनच. मित्रमंडळींना घेऊन गडावर जायचे म्हटले तर उपयोग शून्य.

इंजिन मधोमध ठेवून काय मिळते? दोन्ही हात लांब करून एकेका हातात अर्धी बादली पाणी धरा आणि गर्रकन वळून पाहा. (अंगणात, घरात नाही.) मग त्याच बादल्या छातीशी धरून वळा. दुसऱ्या वेळी पटकन वळता येते, कारण वजन तुमच्या मध्याजवळ आले. गाडीचेही तसेच. शिवाय पुढे इंजिनच नसल्यामुळे नाक हवे तेवढे खाली झुकवता येते. टारझन जमिनीला वास घेत पळणाऱ्या मांजरासारखी दिसते ना, ते रूप इंजिन पुढे असलेल्या गाडीला देणे फार अवघड.

आता हे नवे कातडे कसे बनते? त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको, गणपतीच्या कारखान्यात डोकावले तरी पुरे. तिथे आधी कलाकार मातीची एक मूर्ती घडवतो. त्या मूर्तीवरून साचा काढतात आणि साच्यातून पुढच्या मूर्ती. एकच नग बनवायची गाडीही साधारण याच वाटेने जाते. आधी कागदावर चित्रे, मग लहानसा नमुना, मग खऱ्या मापाची, अख्खी गाडीएवढी 'मूर्ती'. ही फोमची किंवा खास मातीची असते. ही माती आपल्या शाडूसारखी पाण्यात भिजवत नाहीत. तिच्यात मेण असते. ती गरम करून लावतात, थंड झाली की घट्ट होते आणि वाळून तडकत नाही. कारागीर धातूच्या पट्ट्यांनी ती तासतात, हात फिरवून पाहतात, पुन्हा तासतात. डावी बाजू उजवीसारखीच झाली पाहिजे ना! मूर्तीचा एक कान जरा मोठा झाला तरी भक्त चालवून घेतात, गाडीचा एक मडगार्ड फुगला तर पोरेही हसतात.

मग त्या मूर्तीवरून साचा. साच्याला आतून मेणासारखा चकचकीत लेप, म्हणजे चिकटणार नाही. त्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरायची आणि रेझिन नावाचा चिकट द्रव ब्रशने मुरवायचा. रेझिनमध्ये आधी थोडे हार्डनर मिसळलेले असते. तो घट्ट व्हायला लागला की हाताला चक्क गरम लागतो. असे थरावर थर दिले की झाले फायबर: पत्र्यापेक्षा हलके, गंजत नाही, हव्या त्या वळणाचे. साच्यातून सोडवल्यावर मात्र खरा घाम निघतो. पॉलिश पेपरने घासा, खड्डे भरा, पुन्हा घासा, अस्तर मारा, पुन्हा घासा, आणि मग रंग. तुम्ही सिनेमात दोन मिनिटांच्या गाण्यात जे पाहता, ते असे घासून घासून बोटे सोलवटणाऱ्या माणसांचे काम असते. त्यांची नावे पडद्यावर क्वचितच येतात.

"पण काका, ती आपोआप सरळ कशी होते?" हा प्रश्न दुसऱ्या दोन पत्रांत होता. मोडकी गाडी आपली आपण नीट होण्याची करामत १९८३ सालच्या 'क्रिस्टीन' या अमेरिकन सिनेमात फार झकास केली आहे, तीही संगणकाशिवाय. लाल गाडीच्या पोटात पंप लपवले आणि तिचे अंग आतल्या बाजूला खेचून चेपवले. चेपतानाचे चित्रण केले आणि फिल्म उलटी चालवली. झाली गाडी टुणटुणीत! आणि ड्रायव्हरशिवाय पळणारी गाडी? 'नाइट रायडर' या मालिकेत ड्रायव्हर सीटच्या खोळीत शिरून बसायचा. बाहेरून दिसायची रिकामी सीट. उन्हाळ्यात बिचाऱ्याचे काय होत असेल कोण जाणे.

टारझन दिसायला रुबाबदार असली तरी अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या दणकट गाड्या निराळ्या. मधल्या आकाराची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात भलेमोठे आठ सिलिंडरांचे इंजिन कोंबायचे. १९६४ ची पाँटियॅक जीटीओ ही त्यांतली पहिली, असे बहुतेक जण मानतात. सिनेमातली सर्वांत नावाजलेली म्हणाल तर १९६८ च्या 'बुलिट'मधली हिरवी फोर्ड मस्टँग. तिचे इंजिन सुमारे ६,४०० सीसीचे. आपली मारुती ८०० होती ७९६ सीसीची. करा गुणाकार! आठ मारुतींची इंजिने एका बॉनेटखाली.

आणि गंमत म्हणजे ही गाडी टारझनच्या बरोबर उलट पद्धतीने तयार झाली. तिला बाहेरून काही चढवले नाही, उलट कंपनीचे चमचमते बिल्ले काढून टाकले. काम झाले ते आत. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरून ती हवेत उडून धाडकन आपटणार होती, म्हणून स्प्रिंगा आणि शॉकअप बदलले, सांगाडा जागोजागी मजबूत केला. सुमारे ११ मिनिटांचा तो पाठलाग आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात आणि चुका शोधतात. पळणाऱ्या काळ्या डॉज गाडीची चार चाकांची चार झाकणे, पण उडताना मोजली तर चारापेक्षा जास्त भरतात! तीच ती हिरवी फोक्सवॅगनही वाटेत पुन्हा पुन्हा भेटते.

त्या सिनेमासाठी दोन मस्टँग वापरल्या होत्या. एक पुढे एका कुटुंबाने विकत घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. त्या घरच्या बाई शिक्षिका होत्या, त्या तीच गाडी घेऊन शाळेत जात. जानेवारी २०२० मध्ये लिलावात तिला ३४ लाख डॉलर्सची बोली लागली. दुसरी, उड्या मारून मारून खिळखिळी झालेली, हरवलीच होती. ती २०१७ मध्ये सापडली मेक्सिकोत, भंगारात. आपल्या टारझनचे नशीब पाहा. मुंबईत धूळ खात पडलेल्या या गाडीचे फोटो पुढे इंटरनेटवर फिरले. फायबरला गंज चढत नाही हे खरे, पण आतल्या लोखंडाला आणि रबराला कोण सांगणार?

इतके सगळे डोक्यात घेऊन मी वणीच्या पत्राला उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'हो' किंवा 'नाही' लिहायचे कसे? शेवटी पिशवी उचलली आणि निघालो.

नाशिकच्या अलीकडे हायवेवर एक दृश्य दिसले, ते तुम्हीही पाहिले असेल. ट्रकचा नुसता सांगाडा धावतो आहे, ना केबिन ना दरवाजा, आणि वर डोक्याला फडके गुंडाळलेला, गॉगल लावलेला ड्रायव्हर. यालाच चासी म्हणतात. इंजिन, चाके, स्टिअरिंग सगळे तिच्यावर. वर काय चढवायचे ते नंतर ठरते. आपली एसटीसुद्धा अशीच बनत आली आहे. चासी कंपनीकडून यायची आणि वरची बॉडी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगणा इथल्या कार्यशाळेत चढायची. तेव्हा मनात म्हटले, फियाटचेही असेच करता आले तर?

दिंडोरीमार्गे वणीला पोहोचलो. पत्रलेखक स्टँडवर हजरच होता. घरी फियाटपाशी त्याचे पप्पा होते आणि गावातले एक जुने मिस्त्रीही त्यांनी बोलावून ठेवले होते. गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १,०८९ सीसी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच, त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. हिच्या टपावर कोंबडी बसली होती आणि तिला उठवायला कोणी धजत नव्हते.

मी चासीची गोष्ट काढताच मिस्त्री हसले.

"साहेब, हिला चासी कुठाय? जीपला असते, ट्रकला असते. हिचा पत्रा हाच हिचा सांगाडा. अंड्याला हाडं असतात का? तसं. कापायला गेलात तर गाडी मधोमध बसेल."

"पण काका, टारझनच्या एमआर-२ लापण वेगळी चासी नसेल ना?" पोरगा म्हणाला.

शाबास! मला हे सुचायला हवे होते. खरेच नसते. म्हणूनच अशा गाडीची वरवरची साल तेवढी काढतात, म्हणजे बॉनेट, मडगार्ड, बंपर. भार पेलणारा पत्रा कापावा लागलाच, तर आधी आतून लोखंडी नळ्यांचा आधार देतात. मोठे कारखाने, मोठा खर्च. आणि समजा केलेही, तरी पुढे कायदा उभा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. अशी गाडी शूटिंगच्या बंदिस्त जागेत शोभते, वणीच्या बाजारातून तिला नेता येणार नाही.

"मग ते देवराष्ट्रेवाले?" पोरगा सहजी सोडणारा नव्हता. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलासाठी भंगारातून छोटीशी जीप बनवली होती, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ सगळीकडे गेला. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली, ती २०२२ च्या जानेवारीत. बोलेरो म्हणजे आपल्या नाशिकच्या कारखान्यातही बनणारी, तीच.

"दिली, पण त्यांनी आधी काय म्हटलं होतं ते वाचलंस का?" मी म्हणालो. "ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर थांबवतील, पण करणाऱ्याचं कौतुक वाटतं, असं."

पोराचा चेहरा पडला. पप्पा काहीच बोलले नाहीत. जिंकलेल्या माणसासारखे मात्र ते दिसत नव्हते.

मग मी खिशातून फ्रिजवरचा एक चुंबक काढला आणि रुमालात गुंडाळून त्याला दिला. जुनी गाडी पाहायची ही माझी सवय. चुंबक पत्र्याला चिकटतो. फायबरला चिकटत नाही आणि 'लांबी'लाही नाही. लांबी म्हणजे चेप आलेल्या जागी डेंटर लोक जे भरतात ते. वर रंग मारला की डोळ्यांना काही कळत नाही, चुंबकाला कळते.

पोरगा बॉनेटपासून सुरू झाला. टक, टक, टक. दरवाजे नीट. टप नीट. (कोंबडी गेली.) खालच्या कडांना गंज होता, तिथे चुंबक जेमतेम धरायचा. आणि मागच्या डाव्या मडगार्डवर तो सरळ खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मिस्त्रींनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. बाकीचा पत्रा ठण्ण वाजत होता, हा ठप्प.

"लांबी आहे," मिस्त्री म्हणाले. "बोटभर जाड. चांगलाच ठोका बसलेला दिसतो. पण काम नाशिकच्या हाताचं आहे, नंबर एक."

"आजोबांनी गाडी ठोकली होती?" पोराचे डोळे मोठे झाले. "आजोबा तर म्हणायचे, आपल्या गाडीला आजवर ओरखडा नाही!"

पप्पा मडगार्डवरून हात फिरवत होते.

"आजोबांनी नाही," ते म्हणाले. "मी. आठवीत होतो. चावी खुंटीला असायची. दुपारी सगळे झोपले होते. मला वाटलं, नुसती जरा मागे घेतो. घेतली ती थेट हौदावर."

"मग? मारलं आजोबांनी?"

"दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंगला नेतो म्हणाले आणि गाडी नाशिकला घेऊन गेले. चार दिवसांनी आली ती अशी. मला एक शब्द बोलले नाहीत. चावी तेवढी खुंटीवरून उशीखाली गेली." थोडे थांबून ते हळूच म्हणाले, "आईला अजून माहीत नाहीये, बरं का."

ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या आजी मान वर न करता म्हणाल्या, "हौदाचा कोपरा फुटलेला मला काय दिसत नव्हता होय रे?"

मिस्त्रींनी तोंडावर फडके धरले, पण हसू फडक्यात मावेना. पोरगा एकदा पप्पांकडे पाही, एकदा मडगार्डकडे. मग त्याने चुंबक पुन्हा तिथेच लावला आणि पुन्हा पडू दिला.

भंगारवाल्याचा विषय मी निघेपर्यंत निघाला नाही. शेवटची एसटी गाठायची होती म्हणून मी पिशवी उचलली, चुंबक पोराकडेच ठेवला. फाटकापाशी मागून पप्पांचा आवाज ऐकू आला. ते मिस्त्रींना विचारत होते, "बॅटरी केवढ्याला येईल हो हिला?"